छोट्या ट्रॅक्टरला एकही भोक न पाडता टूलबॉक्स बसवायचाय

चाकोरी

नमस्कार मंडळी. माझा छोटा ट्रॅक्टर आहे, तीन सिलिंडरचा, २४ एचपीचा. काम उत्तम करतो, पण सामान ठेवायला त्यावर वीतभर जागा नाही. सीटखाली एक खण आहे, त्यात पुस्तिका ठेवली की तो भरला. पाने, पक्कड, ग्रीस गन, लिंच पिना, दोन-चार जादा बोल्ट हे सगळं मी पिशवीत घालून लिव्हरला अडकवत आलोय. गेल्या आठवड्यात ती पिशवी तळाशी फाटली आणि टॉप लिंकची (मागचं यंत्र वरून धरणाऱ्या दांड्याची) जादा पिन कुठेतरी गळून पडली. नेमकी त्याच दिवशी लावलेली पिन तुटली. हाताला लागला तो बोल्ट घालून यंत्र कसंबसं परत आणलं. उतरून पाहिलं तर बोल्ट धनुष्यासारखा वाकला होता. तेव्हाच ठरवलं, आता पेटी बसवायचीच.

पण भोक पाडायचं नाही. आधीच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डला चार भोकं पाडून मी लोखंडी पेटी बसवली होती. वर्षभर काही झालं नाही. मग एका भोकाच्या कडेला केसासारखी रेघ दिसली. मला वाटलं रंग उडालाय. नखाने खरवडलं तर नख अडकलं. दोन महिन्यांत ती रेघ शेजारच्या भोकापर्यंत पोचली आणि एक दिवस पेटीसकट पत्र्याचा तुकडा हातात आला. उरलेल्या दोन भोकांना आतल्या बाजूने गंज चढून कडा फुगल्या होत्या.

आताची परिस्थिती अशी: मडगार्ड प्लास्टिकचे. रोल बार (ट्रॅक्टर उलटला तर वाचवणारी सीटमागची चौकट) घडीचा, ५० × ५० मिमी चौकोनी पाइपचा. पुढे वजनं अडकवायचा ब्रॅकेट आहे, तो रिकामा. लोडर (पुढचं माती उचलायचं खोरं) नाही. पेटी ४० × २० × २० सेंटिमीटरची घेतलीय, सगळं सामान भरून काट्यावर ठेवली तर ११ किलो भरली. कुठे आणि कशी बसवू? ज्यांनी स्वतः बसवलीय त्यांनी कृपया मापांसकट लिहावं.

पोलादपट्टी

दादा, रोल बारच्या उभ्या खांबावर बसवा. मी अशा आठ-दहा तरी करून दिल्या असतील. ८ मिमीच्या दोन पट्ट्या घ्या, एक पाइपच्या पुढे, एक मागे. चार बोल्ट पाइपच्या बाहेरून, दोन डावीकडे दोन उजवीकडे, आणि पाइप मधोमध आवळायचा. मागच्या पट्टीवर पेटीचा अँगल. ट्रॅक्टरला ओरखडासुद्धा नाही.

बाजारातला गोल यू-बोल्ट चौकोनी पाइपवर लावू नका. तो चारही बाजूंना बसत नाही, फक्त दोन कोपऱ्यांवर टेकतो. तिथला रंग पहिल्या दिवशी जातो आणि महिन्याभरात क्लॅम्प फिरायला लागतो. चौकोनी यू-बोल्ट मिळाला तर ठीक, पण दोन पट्ट्यांची पकड त्याहून चांगली.

पट्टीची उंची मात्र कमी ठेवू नका. तुमची पेटी ११ किलोची. खड्ड्यात चाक आदळलं की तेच वजन क्षणभर तिप्पट धरा, म्हणजे ३३ किलो. पेटीचा मध्य पाइपपासून २५ सेंमी लांब. वरच्या आणि खालच्या बोल्टांत १२ सेंमी अंतर असेल तर वरच्या दोन बोल्टांवर मिळून साधारण ७० किलोंची ओढ येते. अंतर ४ सेंमीच ठेवलं तर तीच ओढ २०० किलोंच्या वर जाते. बोल्ट तेच, पेटी तीच, फक्त पट्टी आखूड. म्हणून मी १५ सेंमीच्या खाली पट्टी कापत नाही.

सावध

पोलादपट्टी यांचं क्लॅम्पचं गणित बरोबर आहे. पण रोल बारबद्दल मला थोडं सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण हा धागा वाचून कोणीतरी उद्या ड्रिल घेऊन त्या पाइपला भिडेल.

रोल बार हा सामान टांगायचा खांब नाही. ट्रॅक्टर उलटला तर तुम्ही आणि जमीन यांच्यामध्ये फक्त तो असतो. त्याची चाचणी मागून ढकलून, बाजूने ढकलून आणि वरून दाबून होते. त्यात तो मोडता कामा नये, पण ठरावीक इतका वाकलाही पाहिजे, कारण वाकतानाच तो उलटण्याची ताकद पोटात घेतो. ताण आलेल्या पट्टीत गोल भोक असेल तर भोकाच्या कडेला ताण सुमारे तिप्पट होतो, हे यंत्रशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवतात. वेल्डिंगने भोक पडत नाही, पण टाक्याच्या आजूबाजूच्या पोलादाचा गुण बदलतो. दोन्हींपैकी काहीही केलं की चाचणीत पास झालेला रोल बार तुमच्याकडे उरत नाही.

स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांवर अशी चौकट सक्तीची केली. पुढच्या दशकांत ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू तिथे अगदी नगण्य उरले. एका साध्या पाइपने इतके जीव वाचवलेत. त्याला हात लावताना दहा वेळा विचार करावा.

क्लॅम्पने भोक पडत नाही हे मान्य. तरी चाकोरी, तीन गोष्टी तपासा. पेटी सीटवर बसलेल्या माणसाच्या डोक्या-पाठीच्या जागेत येता कामा नये, कारण उलटताना पट्ट्याने बांधलेला माणूस त्याच जागेत हिंदकळतो. तुमचा बार घडीचा आहे, त्यामुळे बिजागरी आणि पिन मोकळी राहिली पाहिजे. आणि तुमच्या पुस्तिकेत रोल बारवर काहीही बांधायला मनाई असेल, तर चर्चा तिथेच संपते.

चाकोरी

सावध, पुस्तिका आत्ताच काढून पाहिली. ड्रिल आणि वेल्डिंगला स्पष्ट मनाई आहे, क्लॅम्पबद्दल काही लिहिलेलं नाही. बिजागरीच्या खाली खांबाचा जेमतेम २८ सेंमी भाग मोकळा आहे. बाग दाट असल्याने मला बार वरचेवर पाडावा लागतो. पाडलेला बार मागे झुकतो आणि नेमका पेटीच्या झाकणावर येईल असं दिसतंय.

मग असं केलं तर? दोन्ही खांबांना बिजागरीखाली क्लॅम्प लावायचे आणि मध्ये आडवा अँगल टाकायचा. पेटी अँगलवर. दोन ठिकाणी आधार, म्हणजे पिळवटण्याचा प्रश्न नाही.

सावध

हे करू नका. वर लिहिलं तसं, बार ठरावीक वाकावा म्हणून बनवलाय. दोन खांब खालून अँगलने जखडले की तो वाकायची जागा बदलते. कुठे वाकेल, किती वाकेल हे मग कोणीच सांगू शकत नाही. एका खांबाला लावलेली हलकी पेटी वेगळी आणि दोन खांब एकमेकांना बांधणं वेगळं.

पोलादपट्टी

सावध यांच्याशी सहमत. मी स्वतः दोनदा असा आडवा अँगल लावून दिलाय. हे डोक्यात आलं नव्हतं. दोघांनाही सांगून काढून घेतो.

नवा_गडी

चुंबक वापरा की! रबर चढवलेले गोल निओडिमियमचे चुंबक मिळतात, एकेक ४० किलो ओढतो म्हणे. पेटीच्या तळाला चार लावायचे, ठेवली की बसली, उचलली की निघाली.

जुना_आटा

भाऊ, तो ४० किलोचा आकडा जाड, गुळगुळीत, बिनरंगाच्या पोलादी लादीवर सरळ ओढून काढलेला असतो. मडगार्डचा पत्रा दीड-दोन मिलिमीटरचा, त्यावर रंग, त्यावर धूळ. निम्मी ताकद तिथेच जाते. आणि पेटी सरळ उचकटली जात नाही, घसरते. घसरण्याला चुंबकाचा विरोध सरळ ओढीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकाच. शिवाय साधा निओडिमियम ८० अंशांच्या वर तापला की त्याची ताकद कायमची कमी होते, म्हणजे बोनेट आणि सायलेन्सर आधीच बाद. चाकोरींचे मडगार्ड तर प्लास्टिकचेच आहेत.

दोन पिना आणि एक पाना चिकटवून ठेवायला चुंबकाची पट्टी छान. ११ किलोच्या पेटीला नाही. त्याला बारीक लोखंडी कीस चिकटतो तो वेगळाच, दर वेळी पुसला नाही तर रंगावर सँडपेपर फिरवल्यासारखं होतं.

आता मूळ मुद्दा. चाकोरी, तुम्ही पेटी कुठे अडकवायची ते शोधताय. मी म्हणतो, आधी ट्रॅक्टरला आंघोळ घाला. खरंच सांगतो. तासभर पाणी मारा, ओला फडका आणि तारेचा ब्रश घेऊन पुढच्या एक्सलपासून मागच्या हिचपर्यंत दोन्ही बाजूंनी फिरा आणि प्रत्येक बोल्ट आणि प्रत्येक रिकामं भोक वहीत लिहा. एकाच सांगाड्यावर लोडर, कॅबिन, पुढचं यंत्र, मधलं मोव्हर असं काय काय बसावं म्हणून आट्यांची भोकं कारखान्यातच पाडलेली असतात. ज्याने ते सामान घेतलं नाही, त्याच्या ट्रॅक्टरवर ती रिकामी राहतात. चिखलाने बुजतात, वर रंग बसतो, मालकाला दहा वर्षं पत्ता नसतो. तुमच्याकडे लोडर नाही ना? मग क्लच हाउसिंगच्या जवळ, पायरीच्या पुढे, दोन्ही अंगांना बघा.

रानवाट

जुना_आटा यांना अनुमोदन. माझ्या ट्रॅक्टरला तिथेच सहा भोकं निघाली, प्लास्टिकच्या टोप्या लावलेली.

उजवा_ब्रेक

पुढच्या वजनाच्या ब्रॅकेटवर का नाही? तिथे तर पाडलेली भोकं समोरच दिसतात. मी बसवलीय, तीन वर्षं झाली.

जुना_आटा

बसवता येते, पेटी बुटकी असेल तर. रेडिएटरला हवा समोरच्या जाळीतून लागते. २० सेंमी उंचीची पेटी जाळीच्या तोंडाशी आणली की ती हवा अडवते, आणि जाळीवर बसलेला भुसा झटकायलाही हात जात नाही. इंजिन तापलं की माणूस कूलंट, थर्मोस्टॅट, पंख्याचा पट्टा बघत बसतो, पेटीवर संशयच जात नाही. तुमची पेटी जाळीच्या खाली राहत असेल तर उत्तम जागा. बोनेट पुढे उघडणारं असेल तर तेही एकदा पूर्ण उघडून बघा.

सरळ_बोलणारा

मला या धाग्यात भोकाची भीती जरा जास्त वाटतेय. मडगार्डला भोक पाडणं म्हणजे गुन्हा नाही. भोकाची कड घासून गुळगुळीत केली, प्राइमर लावला, आतून रुंद पट्टी दिली आणि रबरी बूच घातलं तर काही होत नाही. चाकोरींची पेटी चार बारीक वायसरांवर लोंबत होती, म्हणून पत्रा फाटला. दोष भोकाचा नाही, आधाराचा आहे.

चाकोरी

तुमचं म्हणणं पटतं. आतून पट्टी दिली नव्हती हे खरं. तरी या ट्रॅक्टरला पाडणार नाही. मडगार्डच्या आतून दिव्यांच्या तारा कुठून जातात ते बाहेरून दिसत नाही, डावीकडे डिझेलची टाकी किती खोल आलीय तेही कळत नाही. वॉरंटी अजून चालू आहे. आणि मन होत नाही, हे सगळ्यात मोठं कारण.

जुना_आटा

सरळ_बोलणारा, आधाराबद्दल तुम्ही बरोबर आहात. पण त्या पत्र्याला काय सोसावं लागतं ते बघा. तीन सिलिंडरचं चार-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात दीड वेळा पेटतं. मिनिटाला २४०० फेऱ्यांवर सेकंदाला ६० ठोके, तासाला दोन लाख सोळा हजार. खड्डे वेगळे. मडगार्ड चिखल अडवायला असतो, या ठोक्यांवर ११ किलो पेलायला त्याला कोणी बनवलेलं नाही. पट्टी दिली तर तडा उशिरा येईल, इतकंच.

चाकोरी (तीन दिवसांनी)

मंडळी, सापडली! जुना_आटा यांचं ऐकून काल अख्खी सकाळ ट्रॅक्टर धुतला. डाव्या अंगाला, पायरीच्या पुढे, क्लच हाउसिंगच्या उभ्या भिंतीवर चिखलाचा कडक थर होता. स्क्रू ड्रायव्हरने टोकरला तर खपली निघाली आणि खाली गोल खळगा. ब्रश मारला, आत आटे चमकले. अशी चार भोकं, चौकोनात. उजवीकडेही चार, पण तिथून सायलेन्सर जवळ आहे, म्हणून डावी बाजू धरतोय.

एम १२ चा बोल्ट हाताने दोन फेरे गेला आणि अडला. जोर लावला नाही. आता पुढे काय करू?

जुना_आटा

जोर लावला नाहीत हे फार बरं केलंत. बहुतेक आत रंग आणि माती आहे. पण आधी आटा तोच आहे याची खात्री करा. एम १२ चा नेहमीचा आटा १.७५ मिमीचा, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर तेवढं, बारीक आटा १.२५ किंवा १.५ चाही असतो. दोन फेरे दोन्ही जातात आणि मग अडतात. पाना लावला की आटे मरतात, आणि ते मेले तर हाउसिंगच गेलं. आटा-गेज लावून बघा, किंवा माहितीचा बोल्ट बाहेरून त्याच्या आट्यांवर टेकवून जुळतो का ते बघा. जुळला तर त्याच मापाचा टॅप (आटे पाडायचं, साफ करायचं हत्यार) तेल लावून हाताने फिरवा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, आणि मधूनमधून हवा मारा.

दुसरं, खोली मोजा. बारीक तार आत घाला, टेकली की नखाने धरून बाहेर काढा, पट्टीवर मापा. बोल्ट पट्टीची जाडी धरून इतकाच लांब हवा की तळाला टेकणार नाही. टेकला तर तुम्ही आवळत राहता, पेटी सैलच राहते आणि ओतीव हाउसिंगला आतून तडा जातो. त्याच वेळी आटा पुरेसा धरलाही पाहिजे. बिडात मी बोल्टच्या जाडीच्या दीडपट धरतो, म्हणजे एम १२ ला १८ मिमी.

भोक आरपार असेल, तार आत जातच राहिली आणि टोकाला तेल लागून आली, तर तिथे काही करू नका. टोपी लावून सोडून द्या.

तिसरं, बोल्ट ८.८ चा घ्या, डोक्यावर तसं कोरलेलं असतं. तो पोलादात साधारण ८० न्यूटन-मीटरला आवळतात. पण पुस्तिकेत त्या जागेचा आकडा दिला असेल तर तोच धरा. हाउसिंग ॲल्युमिनियमचं असेल तर आवळायचा आकडाही बदलतो आणि आटाही जास्त लागतो.

सावध

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक भर. रिकामं भोक आणि भरलेला बोल्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मडगार्डचा किंवा पायरीचा बोल्ट काढून तिथे पट्टी घालून लांब बोल्ट लावणं चालतं. पण रोल बारच्या पायाचे बोल्ट, मागच्या एक्सल हाउसिंगचे, स्टिअरिंगचे, ब्रेकच्या जोडणीचे, हायड्रॉलिक कव्हरचे बोल्ट यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांची पकड मोजून ठरवलेली असते, मध्ये रंगवलेली पट्टी सरकवली की ती पकड हळूहळू ढिली पडते.

पीटीओचं (यंत्राला फिरती ताकद देणाऱ्या मागच्या दांड्याचं) वरचं कव्हर हाताला आलं तरी त्यावर काही बांधू नका, आणि ते काढून तर मुळीच नाही.

रानवाट

जागा ठरली असेल तर कायमचं आवळण्याआधी एक गोष्ट करा. मी केली नव्हती. पेटी दोरीने तात्पुरती बांधा आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा. मग पुढचं एक चाक दगडावर किंवा ओंडक्यावर हळू चढवा, म्हणजे पुढचा एक्सल तिरका होईल, आणि पुन्हा पूर्ण वळवा. सपाट जमिनीवर माझ्या पेटीला चाकापासून चार बोटं अंतर होतं. बांध चढताना टायर पेटीवर घासला आणि कोपरा चेपला.

पायरीवर चढायची वाटही अडता कामा नये. घाईत उतरताना पायाला काय लागतं ते आपण रोजच्या सवयीने ठरवतो, नवीन पेटी पायाला माहीत नसते.

आता आत काय ठेवायचं त्याबद्दल, कारण पेटी बसली की सगळं कोंबावंसं वाटतं. माझा नियम असा: जड सामान तळाला आणि ट्रॅक्टरच्या अंगाच्या बाजूला. पाने कॅनव्हासच्या गुंडाळीत, नाहीतर एकमेकांवर आपटून त्यांची तोंडं जातात आणि खडखडाट इतका होतो की इंजिनचा बदललेला आवाज ऐकू येत नाही. ग्रीस गन उभी किंवा तोंडाला टोपी लावून, खाली फडकं. पिना आणि आर-क्लिपा वेगळ्या डबीत, डबीच्या झाकणावर माप लिहून: खालच्या लिंकची पिन २२ मिमी, टॉप लिंकची १९, हे कॅटेगरी एकचं, म्हणजे छोट्या ट्रॅक्टरच्या हिचचं माप. घाईत चुकीची पिन हाताला आली की तुमच्यासारखा वाकलेला बोल्ट बघायला लागतो.

पेट्रोलची बाटली आणि स्प्रेचे डबे पेटीत नकोत, उन्हात ती तापते. अग्निशामक पेटीच्या आत नको, बाहेर, एका हाताने निघेल असा. प्रथमोपचाराची डबी वरच्या वर, रक्ताळलेल्या हाताने तळ उपसावा लागू नये.

आणि पेटीच्या तळाला मात्र एक भोक पाडा! ट्रॅक्टरला नाही पाडायचं, पेटीला पाडायला हरकत नाही. कितीही चांगलं झाकण असलं तरी पाणी आत जातं, आणि वाट नसली की पाने तळ्यात झोपतात.

पोलादपट्टी

ब्रॅकेटचं सांगतो. ६ मिमीची उभी पट्टी, चार भोकं तुमच्या मापाने. पेटीचं वजन बोल्टांवर लटकू देऊ नका. पेटीखाली अँगलची बैठक करा आणि बैठकीपासून उभ्या पट्टीला दोन तिरके आधार द्या. पेटी बैठकीवर बसेल आणि वरून एक पट्टा तिला फक्त धरून ठेवेल. चार भोकांची मापं थेट घेऊ नका, पुठ्ठा लावून पेन्सिल घासा, छाप उमटतो. एक मिलिमीटर चुकलं तरी चौथा बोल्ट जात नाही.

चाकोरी (पंधरा दिवसांनी)

झालं एकदाचं. सांगतो, कारण मध्ये एक चूक केली, ती बाकीच्यांनी करू नये.

आटा १.७५ चाच निघाला. टॅप फिरवला तेव्हा चारी भोकांतून मिळून चमचाभर माती आली. तार २६ मिमी आत गेली, तेल लागलं नाही. पुठ्ठ्यावर छाप घेतला, पट्टी कापली, पोलादपट्टी म्हणतात तशी बैठक केली. पुढचं चाक ओंडक्यावर चढवून पूर्ण वळवलं तेव्हा टायर आणि पेटीत सहा सेंमी उरले.

चूक अशी. रंग खरवडू नये आणि आवाज कमी व्हावा म्हणून मी पट्टी आणि हाउसिंगच्या मध्ये जुन्या ट्यूबचं रबर दुहेरी घातलं. आवळलं तेव्हा घट्ट वाटलं. बोल्ट फिरला तर कळावं म्हणून प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून पट्टीवर पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी बघतो तर पेटीचा पुढचा कोपरा ६ मिमी खाली आलेला. रेघा मात्र जिथल्या तिथे! म्हणजे बोल्ट फिरले नव्हते, आणि तरी पाना लावला तर हातानेच फिरावेत इतके सैल.

जुना_आटा

रबर दबलं. बोल्ट घट्ट राहतो तो ताणलेला असतो म्हणून, स्प्रिंगसारखा. मध्ये मऊ वस्तू असली की ती दबत जाते, जाडी कमी होते आणि बोल्टचा ताण निघून जातो. फिरायची गरजच नसते. रेघ फिरणं दाखवते, ताण जाणं दाखवत नाही.

बोल्टच्या जोडात लोखंडावर लोखंडच हवं. रबर घालायचं ते पेटी आणि बैठक यांच्या मध्ये, जिथे पट्टा धरतो. पट्टा आठवड्याने पुन्हा ओढता येतो.

चाकोरी

अगदी तेच केलं. सगळं उतरवलं, रबर काढलं, पट्टीच्या मागचा जाड रंग बोल्टांभोवती घासून पातळ प्राइमरचा हात दिला. खाली सपाट वायसर, ३० मिमीचे बोल्ट, म्हणजे पट्टी आणि वायसर जाऊन साधारण २१ मिमी आटा आत आणि तळाशी ५ मिमी मोकळे. हाउसिंग बिडाचं आहे. पुस्तिकेत त्या भोकांना ७७ दिलाय, तेवढाच आवळला. ट्यूबचं रबर पेटीखाली, एकेरी.

आज १८ तास चालवून झाले. टॉर्क पाना पुन्हा लावला, चारही बोल्ट न हलता टक् वाजले. कोपरा जिथे होता तिथेच.

टॉप लिंकच्या दोन जादा पिना डबीत, डबीवर १९ लिहिलंय.

उजवा_ब्रेक

उद्या लोडर घेतलात तर?

चाकोरी

चार बोल्ट काढायचे, पेटी खाली. उजवीकडच्या चार भोकांतही ग्रीस भरून टोप्या लावून ठेवल्यात, आटे स्वच्छ राहतील. तेव्हा पेटीची जागा पुन्हा शोधावी लागेल. मागच्या हिचवरच्या वजनाच्या डब्यावर विचार चालू आहे, लोडर असला की मागे वजन लागतंच. त्याचा वेगळा धागा काढीन.

नवा_गडी

मी पण आज ट्रॅक्टर धुतला. डावीकडे चार, उजवीकडे चार, आणि पुढच्या ब्रॅकेटखाली दोन. वहीत लिहून ठेवलीत.